खुर्चीच्या डावीकडची बाई

आमच्या आणि शेजारच्या परसाच्या मधे लाकडी कुंपण आहे. त्यातली एक फळी हिवाळ्यातल्या वादळात निखळली आणि ती कुणी बसवायची, यावर दोन्ही घरचे पुरुष अजून विचार करताहेत. त्यांनी तो सावकाश करावा. इंग्लंडातल्या स्लाऊसारख्या गावात दोन बायकांना मराठीत बोलायला एवढी फट पुष्कळ होते. पलीकडे साताऱ्याच्या काकू सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकाकडे आल्यात. ऊन पडलं की त्या कपडे वाळत घालायला येतात आणि कपडे वाळेपर्यंत आत जात नाहीत.

"तू दातवाल्याकडेच जातेस ना गं कामाला?"

"हो काकू. का, दात दुखतोय?"

"दात कशाला, डोकं दुखतंय. सूनबाई म्हणते, मी डेंटल नर्स होते. अगं, बीडीएस आहे ती! पोवई नाक्याजवळ स्वतःचा दवाखाना होता. लग्नाच्या पत्रिकेत डॉक्टर छापलंय आम्ही. आता भावकीत काय सांगू, इथे येऊन नर्स झाली म्हणून?"

"भावकीला काय सांगायचं ते नंतर बघू. आधी हे सांगा, ती इथे दवाखाना का उघडत नाही?"

"परीक्षा आहे म्हणे कसली तरी."

"कसली तरी नाही. ओआरई म्हणतात तिला. भारतात शिकलेल्या दंतवैद्याला इथे स्वतःच्या हाताने दात भरायचा असेल तर सहसा ती द्यावी लागते. दोन भाग. पहिला लेखी, दुसरा हातचा. पुतळ्याच्या तोंडातले दात कोरून दाखवायचे, खोट्या पेशंटशी खरं बोलायचं, कुणी खुर्चीत बेशुद्ध पडलं तर काय कराल ते करून दाखवायचं. दुसऱ्या भागाची फीच चार हजार पौंडांवर आहे."

काकूंनी हिशेब केला. त्या मनातल्या मनात रुपये करतात तेव्हा त्यांचे ओठ हलतात. "आणि नापास झाली तर?"

"एका भागाला चार वेळा बसता येतं. पहिला भाग सुटला की पाच वर्षांत दुसरा सुटायला हवा. पण नापास व्हायलासुद्धा आधी जागा मिळावी लागते हो. तारखा जाहीर झाल्या की मिनिटांत भरतात. आमच्याकडे एक केरळची मुलगी होती, ती जागा उघडायच्या दिवशी रजा टाकून दोन लॅपटॉप आणि एक मोबाइल घेऊन बसायची."

"तत्काळ तिकिटासारखं झालं हे."

"त्याहून वाईट. तत्काळ दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतं."

"मग तोपर्यंत नर्स. असंच म्हणते ती. पण मग लगेच लागायचं ना कामाला? आता म्हणते, त्याचासुद्धा कोर्स करावा लागणार! पाच वर्षं दात शिकली, आता दाताशेजारी उभं राहायला पुन्हा शिकायचं? ही फसवणूक नाही?"

इथे मात्र काकूंचं चुकत नव्हतं, निदान अर्धं तरी. पूर्वी तसं नव्हतं. इथल्या जनरल डेंटल कौन्सिलकडे परदेशातली दंतवैद्यकाची पदवी दाखवून डेंटल नर्स किंवा दात साफ करणारी हायजिनिस्ट म्हणून नाव घालता येत असे. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली त्या वाटेने आल्या. मग कायदा बदलला आणि ती वाट बंद झाली. तारीख ८ मार्च २०२३.

"म्हणजे महिला दिनालाच?"

"महिला दिनालाच. आता बीडीएस असो नाहीतर एमडीएस, नर्स म्हणून नाव घालायचं तर नर्सचाच मान्य डिप्लोमा हवा. आणि मला विचाराल तर, चिडू नका, त्यात थोडं शहाणपण आहे. दात भरता येणं वेगळं आणि दात भरणाऱ्याच्या बाजूला बसून ते काम बिनबोभाट पार पाडणं वेगळं. आता तुम्हीच सांगा, साताऱ्याच्या दवाखान्यात सूनबाई दात कोरायची तेव्हा तोंडातलं पाणी कोण ओढायचं?"

"मुलगी होती ना एक."

"कुठली मुलगी?"

"होती गं. दवाखाना झाडायची, पेशंटला हाक मारायची, भांडी उकळायची..."

"अवजारं."

"तेच ते. सूनबाईनेच शिकवलं तिला सगळं. बारावी झालेली. पगार काय असेल, पाच-सहा हजार. चहा पण तीच आणायची समोरून."

"आणि तिने अवजार नीट उकळलं नाही आणि कुणाला कावीळ झाली, तर जाब कोण विचारणार तिला?"

"तिला कोण विचारतंय? सूनबाईला विचारतील."

"इथे मला विचारतात. नावानिशी. माझा नंबर आहे कौन्सिलच्या रजिस्टरवर, कुणीही घरबसल्या बघू शकतं. हातून घोडचूक झाली तर डॉक्टरसारखंच मलाही समोर बसवून सुनावणी करतील, रजिस्टरवरून नाव काढतील. नाव निघालं की दुसऱ्या दिवशी मी स्वतःला डेंटल नर्स म्हणवून घेतलं तर तो गुन्हा. आपल्याकडे १९४८ चा डेंटिस्ट कायदा झाला तेव्हा हायजिनिस्टची नोंद ठेवली, कवळ्या बनवणाऱ्या मेकॅनिकची ठेवली. तुमच्या त्या पाणी ओढणाऱ्या मुलीची नाही."

काकू जरा गप्प झाल्या. मग त्यांनी उशीचा अभ्रा झटकला. "पण थुंकीच ओढायची ना शेवटी दुसऱ्याची."

हा प्रश्न मला माझ्या सख्ख्या आत्येनेही विचारला होता, तोही पंगतीत. तेव्हा उत्तर तयार असतं.

"काकू, सकाळी मी डॉक्टरच्या आधी पोचते. पाण्याच्या नळ्या दोन मिनिटं वाहू द्यायच्या, कारण रात्रभर साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. अवजारं वाफेवर निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची चाचणी घ्यायची आणि वहीत लिहायची. १३४ अंशाला निदान तीन मिनिटं, त्याखाली चालत नाही. वापरलेली अवजारं एका बाजूने आत जातात, धुतली जातात, भिंगाखाली तपासली जातात, भाजली जातात, दुसऱ्या बाजूने बाहेर येतात. मळकं आणि स्वच्छ यांची वाट कुठेही एकमेकांना शिवता कामा नये. तुमच्या आजेसासूबाईंचं सोवळं पाहिलंय ना? त्यांना आमच्या त्या खोलीत उभं केलं तर एकही चूक काढायच्या नाहीत."

"हे मात्र बोललीस खरं!" काकू हसल्या. त्यांच्या आजेसासूबाईंच्या सोवळ्याची कथा कुंपणापलीकडे तीनदा सांगून झालीय.

"मग पेशंट येतो. डॉक्टर खुर्चीच्या उजवीकडे, मी डावीकडे. चार हात एका तोंडात. त्याने मागायच्या आत वस्तू त्याच्या हातात पडली पाहिजे आणि तीसुद्धा पेशंटच्या डोळ्यांवरून नाही, हनुवटीखालून. एका हाताने सक्शन, दुसऱ्या हाताने सिमेंट कालवून तयार. जास्त कालवलं तर हातातच दगड होतो. सक्शनचं टोक पडजिभेला लागलं तर पेशंट ओकतो आणि डॉक्टर माझ्याकडे बघतो. शिवाय तो दात तपासताना भराभर बोलत जातो, ते मी टाइप करायचं. आणि तुमच्या सूनबाईला तिथेच पहिली ठेच लागणार."

"का? इंग्रजी चांगलंय तिचं."

"इंग्रजी नाही, आकडे. तिकडे वरची उजवी पहिली दाढ म्हणजे सोळा नंबर. इथे ‘अपर राइट सिक्स’. प्रत्येक बाजूला एक ते आठ मोजायचं. ती सवयीने सोळा शोधत बसेल आणि तोवर डॉक्टर खालच्या जबड्यात पोचलेला असेल."

तेवढ्यात स्वतः सूनबाईच चहाचे कप घेऊन बाहेर आली. कुंपणावरून मला कप दिला. ऐकत होती हे उघड होतं, स्वयंपाकघराची खिडकी सकाळपासून उघडीच होती.

"ताई, आईंना सांगा ना, इथे नर्सशिवाय डॉक्टरला पेशंट बघताच येत नाही."

"खरंय काकू. कौन्सिलचा नियमच आहे. पेशंटवर उपचार करताना खोलीत शिकलेलं दुसरं माणूस हवंच. पेशंट खुर्चीत कोसळला तर एकट्याने काय करणार? मी आजारी पडले आणि बदली मिळाली नाही, तर डॉक्टरची सकाळची सगळी यादी रद्द. डॉक्टर आजारी पडला तर मला निदान कपाटं आवरता येतात."

"म्हणजे मान आहे."

"मान आहे. पैसा विचारू नका."

"तेच विचारणार होते. किती?"

सूनबाई कपात बघायला लागली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये इथलं किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स झालं. शिकाऊ नर्सला बहुतेक ठिकाणी तेवढंच किंवा दोन-चार पेन्स वर. अप्रेंटिस म्हणून घेतलं तर पहिल्या वर्षी २०२५ च्या दराने कायद्याने ७ पौंड ५५ पेन्सही देता येत होते, मग ती अठराची असो की छत्तिसाची. सरकारी पैशाची अप्रेंटिसशिप हवी तर आधी तीन वर्षं या देशात राहिलेलं असावं लागतं, ते सूनबाईचं झालेलं नाही. शिकून रजिस्टरवर आल्यावर पगार वाढतो, पण सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणारी माझी मैत्रीण आणि मी यांच्यात फार मोठी दरी नाही. आणि तिला वर्षाकाठी शंभर पौंडांच्या आसपास रजिस्टरची फी भरावी लागत नाही. जुलैच्या ३१ तारखेच्या आत ती भरायची, नाहीतर नाव गळतं. पाच वर्षांत पन्नास तासांचं शिक्षणही दाखवायचं.

"अगं मग एवढ्या जबाबदारीला एवढासाच पैसा का?"

"काकू, तुमच्याकडे एक दात भरायचे किती, चार भरायचे किती?"

"चार भरले तर चौपट. नाहीतर दवाखाना चालायचा कसा?"

"इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, २०२५ च्या दराने एक भरला तरी पेशंटचे ७५ पौंड ३० पेन्स, चार भरले तरी तेच. रूट कॅनालही त्यातच. दात काढणंही त्यातच. सरकार दवाखान्याला कामाच्या ठरलेल्या एककांवर पैसे देतं, २००६ पासूनची पद्धत आहे ही. डॉक्टर लोक खासगीकडे पळतात ते याच्यामुळे. उरलेल्यातून वीज, सामान, भाडं आणि सगळ्यात शेवटी आम्ही."

"आणि पेशंटचं काय मग?"

"२०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलला एक दवाखाना एनएचएसचे नवीन पेशंट घ्यायला लागला. नुसतं नाव घालायला शेकडो माणसं रस्त्यावर. पोलीस आले रांग आवरायला."

"दाताच्या डॉक्टरसाठी? इंग्लंडात?" काकूंना ही बातमी इतकी आवडली की त्यांनी ती लगेच मनात साताऱ्याला पाठवून दिली असावी. आमच्याकडे रॉकेलला रांग लागायची, हे त्यांनी दोनदा म्हटलं.

मग त्यांनी नेमका मुद्दा धरला. "पण मग बाई, इतक्या थोड्या पैशात तू का टिकलीस?"

खरं सांगायचं तर मला ते काम आवडतं. घाबरलेलं माणूस खुर्चीत येतं, त्याला डॉक्टर दिसत नाही, त्याचं लक्ष दिव्याकडे आणि माझ्याकडे असतं. सहा फुटी, हातावर ड्रॅगन गोंदवलेला गडी सुई बघितली की माझा हात धरतो. डॉक्टरला त्याचा फक्त जबडा ठाऊक. त्याची बायको गेल्या वर्षी गेली हे मला ठाऊक असतं. शिवाय डावीकडून जे दिसतं ते उजवीकडून दिसत नाही, हे कुठलाही प्रामाणिक डॉक्टर कबूल करेल.

ही जागा बाईची कशी झाली, त्याचीही गोष्ट आहे, आणि ती मी काकूंना सांगितलीच. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला एडमंड केल्स नावाचा दंतवैद्य होता. त्याने १८८५ च्या सुमारास मदतीला बाई ठेवली. त्या काळी एकटी बाई परक्या पुरुषापुढे तोंड उघडून आडवी कशी होणार? बाई हजर आहे म्हटल्यावर बायका एकट्या यायला लागल्या आणि धंदा वाढला. इंग्लंडात लँकाशायरमधल्या लेलँड गावी १९४० मध्ये नर्सेसची संघटना निघाली, युद्ध चालू असताना. पुढे तीन वर्षांत परीक्षाही सुरू झाली. पण परीक्षा दिलीच पाहिजे, रजिस्टरवर नाव हवंच, हे व्हायला २००८ चा जुलै उजाडला. तोवर इथेही तुमच्या साताऱ्यासारखंच, दवाखान्यातली पोर. त्या वेळी ज्या बायकांची हयात खुर्चीशेजारी गेली होती त्यांना अनुभवावर आत घेतलं. त्यातल्या एकीच्या हाताखाली मी शिकले. ती कवळीच्या साच्याचं मिश्रण कालवताना घड्याळाकडे बघायची नाही.

"आणि न्यूझीलंडात तर आणखी मजा," मी म्हटलं. "तिथे १९२१ पासून शाळांसाठी डेंटल नर्स तयार केल्या. त्या स्वतःच पोरांचे दात कोरायच्या, भरायच्या. डॉक्टर नाहीच. पोरांनी त्या खोलीला नाव ठेवलं होतं मर्डर हाऊस."

"बरोबर आहे. पोरं कुठलीही असोत." काकूंनी खुदकन हसून चहा संपवला. "पण मग इथल्या नर्सला दात भरता येत नाही?"

"नाही. निदान करायचं नाही, कोरायचं नाही, साफही करायचे नाहीत. तेच तर सूनबाईला जड जाणार." मी तिच्याकडे वळले. "तुला एक्स-रे दिसेल आणि तुला कळेल की मुळाशी पू आहे. डॉक्टर तुझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, नुकता पास झालेला, त्याला दिसायला वेळ लागेल. पेशंट तुला विचारेल, काय गं, काढावा लागेल का? आणि तू म्हणायचंस, डॉक्टर सांगतील. जमेल?"

"नाही जमलं तर?"

"तर भांडी आपटशील. मी पाहिल्यात तशा. बीडीएस होऊन नर्सिंगला आलेल्या मुलींत दोन जाती असतात. एक रोज सकाळी आरशात बघून म्हणते, मी इथली नाही, मी थोडे दिवसच आहे. ती नोंदी नीट लिहीत नाही, तिला रिसेप्शनवरची पोर काही सांगायला गेली की राग येतो आणि परीक्षेची जागा एकदा हुकली की सबंध दवाखाना सुतकात. दुसरी गुपचूप सगळं टिपून घेते. संमती कशी घेतात, तक्रार आली तर काय लिहितात, इथला म्हातारा दुखतंय हे कसं न बोलता सांगतो. ही दुसरी परीक्षेच्या हातच्या भागाला बसते तेव्हा निम्मं तिच्या अंगवळणी पडलेलं असतं."

"आणि परीक्षा नाहीच सुटली तर? जन्मभर पाणी ओढायचं?" काकू मूळ दुखण्यावर आल्या.

"जन्मभर ओढणाऱ्याही आहेत आणि सुखात आहेत. पण बंधन नाही. वरचे कोर्स करून एक्स-रे काढता येतात, वेडेवाकडे दात सरळ करायच्या दवाखान्यात ठसे घेता येतात, गुंगी देऊन उपचार करतात तिथे काम मिळतं, शाळेत पोरांच्या दातांना फ्लोराइड लावायला जाता येतं. हॉस्पिटलात लागली तर एनएचएसच्या पगारश्रेणीत चौथी पायरी, रजा आणि पेन्शन. पुढे हायजिनिस्ट, थेरपिस्ट व्हायचं तर वेगळं शिक्षण आहे, त्यात दात साफ करणं, भरणं सगळं येतं. माझी जुनी मॅनेजर नर्सच होती. ती आता दोन दवाखाने चालवते आणि डॉक्टरांना रजा मंजूर करते."

"डॉक्टरांना रजा मंजूर करते?" हे काकूंना एकदम पटलं. बायकोने नवऱ्याला रजा मंजूर केल्यासारखं त्यांच्या तोंडावर तेज आलं.

"मग काकू, भावकीला काय सांगाल?"

"सांगेन, सरकारी रजिस्टरवर नाव लागणार आहे. ते खोटं नाही ना?"

"लागेल तेव्हा खरं. आधी लागू दे." मी सूनबाईला म्हटलं, "हे बघ, तुला दोन गोष्टी सांगते, बाकीचं तू शिकशील. तुला शिकाऊ म्हणून कुणीही घेईल, माणसं कमी आहेत. पण शिकाऊ नर्सला मान्य कोर्सला नाव घालून द्यावं लागतं, आणि पुष्कळ ठिकाणी आज घालू उद्या घालू करत किमान पगारावर राबवून घेतात. माझ्याच ओळखीच्या एकीला एका दवाखान्याने दीड वर्ष असं लोंबकळत ठेवलं. मुलाखतीला गेलीस की कोर्स कुठला, फी कोण भरणार आणि नोकरी सोडली तर ती परत मागणार का, हे लेखी घे. कोर्स एनईबीडीएनचा असो की सिटी अँड गिल्ड्सचा, दोन्ही चालतात. लेखी मिळालं नाही तर चहा पिऊन घरी ये."

"आणि दुसरी?"

"दुसरी काकूंसाठी आहे. हिपॅटायटिस बीची तीन इंजेक्शनं तू कॉलेजात घेतली असशीलच. त्याचा कागद आणि त्यानंतरच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, दोन्ही इथे मागतात. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून टोचून घे, त्यात सहा महिने जातात. काकू, तुम्ही परत जाल तेव्हा तिच्या कपाटातली ती फाइल शोधा आणि त्या दोन कागदांचे फोटो लगेच पाठवा."